शुल्क प्रतिपूर्तीचे दावे भरून देणारे कार्यालय : इंदूरच्या एका लहान शाळेचा दोन सत्रांचा अनुभव

शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांना सरकारकडून जी शुल्क प्रतिपूर्ती यायची असते, तिचे दावे तयार करून देणारी काही कार्यालये इंदुरात आहेत. त्यांपैकी एका कार्यालयाची सेवा आमच्या शाळेने सलग दोन सत्रे, म्हणजे दोन शैक्षणिक वर्षे, घेतली. शाळा शहराच्या पश्चिम भागात आहे, नर्सरी ते आठवी, पट तीनशेच्या थोडा वर. संस्था मराठी मंडळींनी काढलेली असली तरी वर्गात माळवी, मराठी, सिंधी, गुजराती अशा सगळ्या घरांतली मुले बसतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या संस्थेचा मानद कोषाध्यक्ष झालो, त्यामुळे दाव्यांच्या फाइली अखेर माझ्याच टेबलावर येतात. कार्यालयाचे नाव मी येथे देत नाही, कारण कौतुकाबरोबर काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या त्यांना समोर बसून सांगून झाल्या आहेत.

हे पैसे कशाचे, ते आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण आमच्याच कार्यकारिणीतले दोघे-तिघे त्यांना अजून 'अनुदान' म्हणतात, आणि आले तर आले अशी वृत्ती त्या एका शब्दातून सुरू होते. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे विनाअनुदानित खाजगी शाळेने पहिलीच्या, आणि पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर त्या वर्गांच्याही, किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, विनामूल्य शिकवायचे असते. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात या मुलांचा खर्च सरकारने शाळेला भरून द्यावा असे म्हटले आहे. सरकार स्वतः एका मुलामागे जेवढा खर्च करते तो किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी मिळते. बँकेच्या भाषेत हे शाळेचे येणे आहे. मूल वर्षभर शिकून गेले की हे येणे सरकारच्या नावे पडते. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ च्या निकालात ही तरतूद वैध ठरवली, त्यामुळे मूळ हक्काबद्दल वाद उरलेला नाही. वाद असतो तो कागदाबद्दल.

मध्य प्रदेशात या जागांची सोडत भोपाळचे राज्य शिक्षा केंद्र ऑनलाइन काढते. प्रतिपूर्तीचा प्रस्तावही शाळेला पोर्टलवरच भरावा लागतो, बीआरसी, म्हणजे विकासखंड पातळीवरचे शिक्षण कार्यालय, त्याची तपासणी करते, मग तो जिल्हा परियोजना समन्वयकांकडे, ज्यांना सगळे डीपीसी म्हणूनच ओळखतात, जातो आणि पैसे थेट शाळेच्या खात्यात येतात. वाचताना हे सरळ वाटते. प्रत्यक्षात समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा प्रत्येक रहिवाशाचा नोंदणी क्रमांक), आधार, दाखल-खारिज रजिस्टर (मुले शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही) आणि हजेरीपत्रक या चारही ठिकाणी एकच मूल एकाच नावाने, एकाच जन्मतारखेने आणि एकाच वर्गात सापडावे लागते. आमच्याकडे या कायद्याखालची ५८ मुले होती आणि त्यांतल्या १९ मुलांचे दावे कुठे ना कुठे अडकलेले होते. सरकार पैसे देत नाही, असे आम्ही दोन वर्षे एकमेकांना सांगत राहिलो. आमचेच कागद जुळत नाहीत, हे फाइल उघडून पाहायला कोणाला सवड नव्हती.

बाहेरची मदत घेण्यापूर्वी आम्ही दोन मार्ग करून पाहिले होते. जवळच्या एमपी ऑनलाइन कियोस्कवर, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामे करून देणाऱ्या केंद्रावर, फॉर्म भरून मिळतो, पण तिथला मुलगा आपण देऊ तेच टंकित करतो. दिलेले बरोबर आहे की नाही हे पाहणे त्याचे काम नव्हे आणि तशी अपेक्षा ठेवणेही चूक आहे. आमच्या सीएंनी सांगितले की ते हिशेब तपासतील, पण मुलांच्या नोंदी तपासणार नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात एका परिचित शाळेच्या सचिवांनी या कार्यालयाचा पत्ता दिला आणि मी व मुख्याध्यापिका बाई दोघे फाइलींचे गाठोडे घेऊन तिथे गेलो.

पहिल्या बैठकीत मालकांनी मुलांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विचारले, शाळेची जमीन कोणाची आहे? मला तेव्हा हा प्रश्न अवांतर वाटला होता, पण तोच सगळ्यांत जाणकार प्रश्न होता. एखाद्या शाळेला जमीन, इमारत किंवा अन्य सवलत सरकारकडून मोफत अथवा कमी दराने मिळाली असेल आणि त्या बदल्यात ठराविक संख्येने मुलांना विनामूल्य शिकवण्याची अट तिच्यावर आधीपासूनच असेल, तर तेवढ्या मुलांची प्रतिपूर्ती तिला मागता येत नाही, असे परंतुक कलम १२ मध्येच आहे. जुन्या संस्थांपैकी कित्येकांच्या इमारती नजूलच्या, म्हणजे भाडेपट्ट्याने दिलेल्या सरकारी जमिनीच्या, पट्ट्यावर उभ्या आहेत आणि त्या पट्ट्याच्या अटी कोणी वाचलेल्या नसतात. आमची जमीन संस्थेने विकत घेतलेली असल्याने आम्ही सुटलो, तरी त्यांनी खरेदीखताची प्रत मागून घेतली आणि पाने उलटून पाहिली.

मात्र दुसरा तितकाच महत्त्वाचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि मराठी संस्था चालवणाऱ्यांसाठी तो मी येथे मुद्दाम नोंदवतो. मध्य प्रदेशात मराठी भाषक अल्पसंख्य आहेत. भाषिक अल्पसंख्याक संस्था म्हणून प्रमाणपत्र घ्यावे, हा विषय आपल्याकडच्या सभांतून अधूनमधून निघतो. २०१२ च्या निकालाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले होते आणि ६ मे २०१४ च्या घटनापीठाच्या निकालाने अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही वगळले. तेव्हा अल्पसंख्याक दर्जा घेतल्यावर २५ टक्के जागांचे बंधन राहत नाही आणि त्या जागांची प्रतिपूर्तीही राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये या २०१४ च्या निकालावर शंका घेऊन तो मोठ्या पीठापुढे ठेवावा असे म्हटले आहे, म्हणजे हा प्रश्न अजून मिटलेला नाही. जे कार्यालय दाव्याचे पैसे घेते, त्याने संस्थेचा दर्जा पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आमच्याकडे असे प्रमाणपत्र नाही, हे आम्हीच दुसऱ्या भेटीत आपणहून सांगितले.

नोंदी जुळवण्याचे काम मात्र त्यांनी ज्या पद्धतीने केले, तिला मी पूर्ण गुण देतो. त्यांच्याकडचा एक तरुण ऑपरेटर आठ दिवस रोज दुपारी शाळेत येऊन बसत असे. तो रजिस्टरवर स्टीलची पट्टी ठेवी, तिच्यावरची एकच ओळ मोठ्याने, अक्षर अन् अक्षर फोडून वाची, आणि समोर आमचा क्लार्क आधारची प्रत व समग्रचा कागद धरून ती ओळ ताडून पाही. दुसऱ्याच दिवशी एका मुलाची गोम सापडली. आमच्या रजिस्टरात तो 'वेदांत सुनील शिंदे' होता, आधारवर 'वेदांत शिंदे' आणि समग्रवर 'बेदांत सिंदे'. आपण मुलाच्या नावात मध्ये वडिलांचे नाव लिहितो, तसे समग्रवर नव्हते; आणि वॉर्डात ज्याने नोंद केली असेल त्याच्या बोलण्यात 'व'चा 'ब' आणि 'श'चा 'स' होत असणार. आडनाव शुद्ध लिहिल्याचा आम्हाला जो अभिमान होता, त्यापायी त्या मुलाची दोन सत्रांची रक्कम थांबली होती. अशी सात मुले निघाली आणि सातांपैकी पाच मराठी घरांतली होती, हे सांगताना मला हसू येते आणि थोडी लाजही वाटते.

दुसरा गट आधारच्या पडताळणीत अडकलेला होता. पाच वर्षांखालच्या मुलाचे आधार बोटांचे ठसे न घेताच बनते आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ठसे व डोळ्यांची नोंद करून ते अद्ययावत करावे लागते. नर्सरीत तीन-चार वर्षांचे मूल दाखल होते तेव्हा त्याचे आधार असतेच, म्हणून शाळा निर्धास्त राहते. पण पुढे अंगठा लावायची वेळ आली की यंत्राला जुळवायला काही सापडतच नाही. दुसरीतल्या एका मुलीला तिची आजी चौथ्यांदा घेऊन आली तेव्हा मी तिथेच होतो. आजी म्हणाल्या, "बाई, हिचा अंगठा मशीन घेतच नाही. मेंदी लावू दिली नाही, साबणानं धुऊन आणलाय." मुख्याध्यापिका बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पण काय करावे ते त्यांनाही सुचेना. ऑपरेटरने आधारच्या प्रतीवरची तारीख पाहून विचारले, "आजी, हे तर बाळपणीचं आधार आहे. मग नंतर केंद्रावर कधी नेलं होतं का हिला?" नेले नव्हते. पुढच्या आठवड्यात तो स्वतः अशा चार मुलांच्या घरी फोन करून त्यांना आधार केंद्रावर घेऊन गेला. कोणत्याही करारात न लिहिलेले हे काम होते.

तिसरी चूक निखालस आमची होती. दोन वर्षांपूर्वी शाळेने फी वाढवली, ती सूचनाफलकावर लावली, पालकांकडून घेतली, पण पोर्टलवर जुनीच फी राहिली. कमी असेल ती रक्कम, या नियमामुळे शाळेची फी सरकारी दराहून बरीच वर असती तर याने काही बिघडले नसते. आमच्या पूर्वप्राथमिक वर्गांची फी मुळातच कमी असल्याने तिथे थेट फटका बसला. ती सुधारणा पुढच्या सत्रापासूनच लागू झाली, मागचे गेले ते गेले. शिवाय तीन मुले अशी निघाली की ती वर्गात पुढे सरकली होती, पण पोर्टलवर मागच्याच वर्गात बसून होती. त्यांचेही एकेक सत्र बुडाले.

आता मोबदल्याविषयी. मालकांनी सुरुवातीला येणाऱ्या रकमेच्या दहा टक्के मागितले. मी नकार दिला आणि अजूनही प्रत्येक संस्थेने तो द्यावा असे माझे मत आहे. टक्केवारीवर काम करणाऱ्याचे लक्ष दाव्याच्या आकड्यावर राहते, आणि हा आकडा सरकारी पैशाचा असतो. शेवटी प्रत्येक मुलामागे ३०० रुपये ठरले. ५८ मुलांचे १७,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३,१३२, मिळून एका सत्राचे २०,५३२ रुपये झाले. शाळेला या करावर कोणतेही क्रेडिट, म्हणजे भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही, त्यामुळे ठरवताना करासहित आकडा धरावा. पहिल्या सत्रात त्यांनी जे काम केले त्याच्या मानाने हा दर वाजवी होता. दुसऱ्या सत्रात, नोंदी एकदा स्वच्छ झाल्यावर, तोच दर महाग वाटू लागला आणि तो तसा होताही.

टक्केवारीबद्दलची माझी धास्ती निष्कारण नव्हती, हे दुसऱ्या सत्रात कळले. पहिला ऑपरेटर नोकरी सोडून गेला होता आणि त्याच्या जागी आलेल्याला घाई फार होती. चौथीतल्या एका मुलाचे कुटुंब दिवाळीनंतर देवासला राहायला गेले. मूल येत नव्हते, टीसी मात्र त्यांनी अजून नेला नव्हता. यादी पाहताना मी त्या नावावर बोट ठेवले तेव्हा नवा ऑपरेटर म्हणाला, "राहू द्या ना काका, वर्षाचे पूर्ण पैसे येतील. कोण बघतंय?" मी त्याला नोव्हेंबरनंतरचे हजेरीपत्रक उघडून दाखवले. जे मूल वर्गात नाही त्याचे पैसे मागणे हा खोटा दावा आहे, पुढे तपासणी झाली तर वसुली शाळेकडून होईल, मान्यतेचा प्रश्न उभा राहील आणि तेव्हा सही माझी आणि मुख्याध्यापिका बाईंची असेल, त्याची नाही. मालकांना फोन केल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त करून नाव काढायला लावले. त्यांची दिलगिरी खरी होती असे मला वाटले. पण अशी सूचना करण्यापूर्वी त्या ऑपरेटरला क्षणभरही विचार करावा लागला नाही, हे मी विसरलेलो नाही.

याहून मोठी तक्रार लॉगिनची आहे. दुसऱ्या सत्रात एकदा क्लार्कने पोर्टल उघडायचा प्रयत्न केला तेव्हा ओटीपी आमच्या मोबाइलवर येईना. चौकशी केल्यावर कळले की कार्यालयाने सोयीसाठी म्हणून आमच्या खात्याला स्वतःचा क्रमांक जोडून ठेवला होता. शाळेचे खाते, शाळेच्या मुलांची माहिती, आणि आत जायचे तर आम्ही त्यांना फोन करून आकडे विचारायचे. बँकेत कोणी शाखेची किल्ली घरी नेली असती तर आम्ही त्याला निलंबित केले असते. क्रमांक पूर्ववत करून घ्यायला तीन आठवडे आणि दोन लेखी पत्रे लागली. त्यांचे म्हणणे असे की बहुतेक शाळा स्वतःच तसे करायला सांगतात. ते खरेही असेल, पण आम्ही सांगितले नव्हते.

'वरती आपली ओळख आहे' हे वाक्यही एकदा कानावर आले. त्याचा काय अर्थ घ्यायचा तो मी घेतला आणि दाव्याबाबतचा सगळा पत्रव्यवहार शाळेच्या लेटरहेडवर, आवक क्रमांक घेऊनच व्हावा, अशी अट घातली. ती त्यांनी पाळली. ओळखीने एकही दावा हलला नाही; जे हलले ते कागद जुळल्यावर हलले.

आता निष्पत्ती. सप्टेंबर २०२५ मध्ये मुख्यमंत्री मोहन यादव यांनी हरदा जिल्ह्यातील खिरकिया येथून राज्यातल्या वीस हजारांहून अधिक खाजगी शाळांच्या खात्यांत ४८९ कोटी रुपयांची प्रतिपूर्ती जमा केली. ती २०२३-२४ सत्राची होती, यावरून या पैशाला किती धीर धरावा लागतो ते कळेल. त्या हप्त्यात आमच्या अडकलेल्या १९ मुलांपैकी ११ मुलांची रक्कम आली. खात्याचा एसएमएस आला तेव्हा मी रामबागेत एका लग्नाच्या पंगतीत होतो आणि वाढप्याला थांबवून तो दोनदा वाचला. पाच दावे अजून तपासणीत आहेत आणि तिघांचे बुडाले. कार्यालयाचे दोन सत्रांचे मिळून ४१,०६४ रुपये झाले; त्या अकरा मुलांची रक्कम त्याहून जास्त होती, म्हणून नुसत्या हिशेबाने पाहिले तर सौदा तोट्याचा नाही. त्या पैशांतून पूर्वप्राथमिकच्या दोन शिक्षिकांचा थकलेला फरक आम्ही त्याच महिन्यात चुकता केला.

ज्या शाळेचे दावे जुने आणि गुंतलेले आहेत, जिथे एकच क्लार्क फी, टीसी, परीक्षा आणि पोर्टल सगळे पाहतो, तिने अशी सेवा एक सत्र जरूर घ्यावी, आणि ऑपरेटर शाळेत येऊन रजिस्टर उघडणार असेल तरच घ्यावी. व्हॉट्सअॅपवर फोटो मागवून दावे भरणाऱ्यांपासून मी दूर राहीन. दर प्रत्येक मुलामागे ठरवावा, मोबाइल क्रमांक मुख्याध्यापकांचाच ठेवावा आणि यादी पाठवण्यापूर्वी ती वर्गशिक्षिकेकडून हजेरीशी ताडून घ्यावी, कारण मूल खरेच वर्गात आहे की नाही हे तिच्याइतके कोणालाच माहीत नसते. ज्यांच्या नोंदी स्वच्छ आहेत त्यांना या सेवेची गरज नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्या सत्राला साडेचार आणि दुसऱ्याला अडीच.

यंदा त्यांचे नूतनीकरणाचे पत्र आले, त्यात दर प्रत्येक मुलामागे ३५० रुपये केला आहे. तपासणीत असलेले पाच दावे तेवढे आम्ही त्यांच्याकडे ठेवले आहेत, बाकीचे काम क्लार्क स्वतः करतो. नव्या दाखल-खारिज रजिस्टरात त्याने नावापुढे लाल शाईने एक जादा रकाना आखला आहे, समग्रवर नाव जसे असेल तसेच लिहिण्यासाठी, बेदांत असेल तर बेदांत. हा रकाना त्या पहिल्या ऑपरेटरनेच नोकरी सोडण्यापूर्वी पट्टी ठेवून आखून दाखवला होता.